दुफळीच्या काळातील प्रमाण : शिरवळ परगण्यातील कागदांच्या अनुरोधाने

१

समाजात दोन तट पडले म्हणजे पुराव्याचे स्वरूप पालटते. एरवी कागद हा कागद असतो, साक्षीदार हा साक्षीदार असतो. तट पडल्यावर मात्र प्रत्येक कागद कोणा एका पक्षाचा होतो आणि तो खरा की खोटा हे पाहण्यापूर्वी तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे पाहिले जाते. आजच्या महाराष्ट्रात शिवकालाविषयी लिहिणाऱ्यास या स्थितीचा अनुभव पदोपदी येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला. एका ग्रंथातील शिवचरित्रविषयक मजकुराचा राग हे त्याचे निमित्त होते. त्या रागाचा फटका ग्रंथ, हस्तलिखिते व संग्रहातील वस्तू यांना बसला. ज्या सामग्रीवरून कोणत्याही पक्षाचे म्हणणे तपासता आले असते, तीच सामग्री या प्रकारात धोक्यात आली.

अशा वातावरणात अभ्यासकाने कशावर विश्वास ठेवावा, किती ठेवावा व कोणत्या पायरीवर थांबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे विवेचन अमूर्त तत्त्वांवरून करण्याऐवजी एका लहान प्रदेशाच्या आधारे करण्याचे योजिले आहे. हा प्रदेश म्हणजे नीरा नदीच्या दक्षिण तीरावरील शिरवळ आणि त्याच्या पश्चिमेस पसरलेले रोहिडखोरे. शिरवळ आज सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात पुणे-सातारा मार्गावर आहे. सतराव्या शतकात ते परगण्याचे ठाणे होते. तेथील सुभानमंगळ या भुईकोटाचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. या ठाण्याच्या आसमंतात तट पडणे हा प्रकार नवा नव्हता, आणि तट पडले असता सत्य कसे शोधावे याची एक रीतही येथील समाजाने बसविली होती.

२

निजामशाहीचा १६३६ मध्ये अस्त झाल्यावर या भागात नीरेच्या दोन्ही तीरांवर आदिलशाहीचा अंमल सुरू झाला. पुणे व सुपे हे परगणे शहाजी राजांच्या जहागिरीत होते. ठाण्याठाण्यांवर विजापूरचे अंमलदार होते. आणि खोऱ्याखोऱ्यांतून देशमुख व देशपांडे आपापली वतने सांभाळून होते. शिवाजी महाराजांच्या हालचालींस आरंभ झाला तेव्हा या वतनदारांच्या दारी दोन ठिकाणांहून हुकूम येऊ लागले. दोन्ही हुकूम आपणच कायदेशीर असल्याचे सांगत आणि दोहोंत आज्ञाभंगाच्या परिणामांचा धाक असे.

या स्थितीचे सर्वांत स्पष्ट चित्र १६५९ सालचे आहे. अफजलखान चालून येत असता अली आदिलशहाने कारी येथील कान्होजी जेधे यांस १६ जून १६५९ रोजी फर्मान पाठविले. त्यात शिवाजीचे वर्तन अविचाराचे व अज्ञानाचे ठरविलेले असून निजामशाही कोकणातील मुसलमानांस त्याने उपद्रव दिल्याचा आरोप आहे. कान्होजींनी खानाच्या आज्ञेत राहून चाकरी करावी, असा त्याचा रोख आहे. पुढे काय घडले ते जेधे घराण्याच्या करीन्यात सांगितले आहे. कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे गेले, फर्मान त्यांच्यापुढे ठेवले, आणि वतनावर पाणी सोडून त्यांनी महाराजांचा पक्ष धरला. जवळच्याच उत्रोळीचे देशमुख खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले. खानाच्या वधानंतर ते हाती लागले आणि त्यांचा एक हात व एक पाय तोडण्यात आला.

यात अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. करीना हा जेधे घराण्याने आपल्या सेवेची आठवण राहावी व वतनाचा हक्क बळकट व्हावा म्हणून लिहून ठेवलेला कागद आहे. कान्होजींच्या निष्ठेचे त्यातील वर्णन हे त्या घराण्याच्या हिताचे आहे. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही, परंतु त्यास दुसरा आधार शोधावा लागतो. फर्मान हा विरुद्ध पक्षाचा कागद आहे. जेधे घराण्याची प्रतिष्ठा वाढावी असा विजापूर दरबाराचा हेतू असणे शक्य नाही. तरीही कान्होजींस आपल्याकडे ओढण्याची गरज दरबारास वाटली, एवढी गोष्ट या दोन परस्परविरोधी कागदांतून सारखीच निघते. ती निश्चित मानावयास हरकत नाही. महाराजांच्या भेटीत कोणते संभाषण झाले, हे मात्र केवळ करीन्याच्या आधारावर उभे आहे. त्याची पायरी एकीने खाली राहते.

दुसरी गोष्ट अशी की, एकाच खोऱ्यातील, एकाच दर्जाच्या व एकाच धर्माच्या दोन देशमुखांनी तोच प्रसंग समोर असता भिन्न निर्णय केले. तेव्हा या काळातील तटांची विभागणी धर्माच्या अथवा जातीच्या एकाच रेषेने दाखवू पाहणारी मांडणी, ती कोणत्याही पक्षाची असो, या दोन घरांपाशीच अडते. वतनाचे भय, शेजाऱ्याशी असलेले जुने वैर, शहाजी राजांशी असलेला संबंध आणि कोणता पक्ष टिकेल याचा अंदाज, अशा अनेक कारणांचा विचार येथे करावा लागतो.

३

शिरवळच्या कोटाशी साक्षात् संबंध असलेला प्रसंग याच्या आधीचा, १६४८ चा आहे. त्या वर्षी शहाजी राजांस जिंजीच्या छावणीत कैद झाली आणि इकडे फत्तेखानाची स्वारी महाराजांवर आली. खानाच्या वतीने बाळाजी हैबतराव याने शिरवळ घेतले. महाराजांनी पुरंदराहून कावजी मल्हार प्रभृतींस पाठवून ते परत मिळविले. त्यानंतर पुरंदराच्या पायथ्याशी मुख्य लढाई होऊन फत्तेखानाचा मोड झाला. या हकीगतीचा प्रमुख आधार परमानंदकृत शिवभारत हे संस्कृत काव्य होय. तंजावरच्या संग्रहातून उपलब्ध झालेले हे काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले.

शिवभारत हे महाराजांच्या पदरच्या कवीने महाकाव्याच्या थाटात रचले आहे. वीरांची भाषणे, शस्त्रांची वर्णने व उपमा यांची त्यात रेलचेल आहे. एवढ्यावरून ते सर्वच त्याज्य ठरविणे जितके चूक, तितकेच त्यातील युद्धवर्णन शब्दशः घेणे चूक. कवीने भाषणे रचली असणार, कारण काव्याच्या संकेतास ती आवश्यक होती. परंतु शिरवळसारख्या लहान ठाण्याचे नाव, तेथे गेलेल्या सरदारांची नावे आणि आधी शिरवळ व मग पुरंदर हा घटनाक्रम यांना काव्याच्या सौंदर्याशी कर्तव्य नाही. ही माहिती त्यास त्या प्रसंगी हजर असलेल्या माणसांकडून मिळाली असणे संभवते. एकाच ग्रंथातील निरनिराळ्या विधानांस निरनिराळे मोल द्यावे लागते, ते असे. शिवाय फत्तेखानाच्या वतीने शिरवळ घेणारा बाळाजी हैबतराव हा मराठा सरदार आहे, हे स्तुतिपर काव्य लिहिणाऱ्या कवीनेही झाकून ठेवलेले नाही.

४

आता याच ठाण्याचे नाव ज्यात येते आणि ज्याविषयी आज सर्वाधिक आवेशाने बोलले जाते, अशा पत्रव्यवहाराकडे वळू. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस महाराजांनी १६४५ च्या एप्रिलमध्ये लिहिलेले म्हणून एक पत्र वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पंधराव्या खंडात छापले. दादाजी महाराजांस सामील झाल्यावरून शिरवळच्या आदिलशाही ठाण्याकडून त्यांच्या घरी धाकाचा हुकूम गेला, आणि त्यावर महाराजांनी धीर देणारे उत्तर लिहिले, असा हा प्रसंग आहे. या उत्तरात 'हिंदवी स्वराज्य' हे शब्द येतात. महाराजांच्या वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच त्यांचा संकल्प स्पष्ट होता, असे म्हणणाऱ्यांचा हा मुख्य आधार आहे. पत्राच्या अस्सलपणाविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

या मतभेदाचे पर्यवसान आज कशात झाले आहे ते पाहण्यासारखे आहे. ज्यांस 'हिंदवी' या शब्दाचा धार्मिक अर्थ प्रिय आहे ते पत्र अस्सल मानतात. ज्यांस तो अर्थ नको आहे ते पत्र बनावट ठरविण्यास उत्सुक असतात. पत्र अस्सल असले तरी 'हिंदवी' म्हणजे हिंदूंचे की हिंद देशातील लोकांचे, हा प्रश्न शिल्लकच राहतो, याचे भान दोहोंकडे कमी दिसते. म्हणजे अस्सलपणाचा निर्णय अर्थाच्या पसंतीवरून होतो आणि अर्थाचा निर्णय राजकारणाच्या पसंतीवरून. या मार्गाने जाणाऱ्यास पत्र वाचण्याचीदेखील आवश्यकता उरत नाही.

पत्राची परीक्षा करावयाची तर प्रश्न वेगळे आहेत. तो कागद कोणत्या दप्तरातून आला व तेथे कसा राहिला? भाषा, मायने व कालगणना ही त्या वर्षाच्या इतर निःसंशय पत्रांशी जुळतात काय? महाराजांच्या इतर अस्सल पत्रांतून हा शब्दप्रयोग आढळतो काय? पत्रामुळे कोणाचा लाभ होतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे आहे: पत्र ज्या घराण्याला लिहिलेले आहे, त्याच्या सेवेचे व वतनाचे महत्त्व त्याने वाढते. वतनाच्या वादात जुने कागद नव्याने तयार करण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडत होते, हे विसरता येत नाही. त्याचबरोबर वतनदारांनीच अस्सल कागद जपून ठेवले, हेही तितकेच खरे आहे. घराण्याचा लाभ हे संशयाचे कारण होऊ शकते. तो बनावटपणाचा पुरावा होत नाही.

पुढील काळातील 'स्वराज्य' या शब्दाचा इतिहास मात्र या पत्रावर अवलंबून नाही. मोगल दरबाराकडून १७१९ मध्ये चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा मिळाल्या, तेव्हा स्वराज्य हा एका ठराविक मुलखाचा वाचक शब्द होऊन बसला होता. तसेच महाराजांच्या राज्यस्थापनेचे महत्त्व त्यांच्या किल्ल्यांवरून, कारभारावरून व १६७४ च्या राज्याभिषेकावरून सिद्ध आहे. १६४५ चे एक पत्र उद्या बनावट ठरले तरी त्यास बाध येत नाही, आणि अस्सल ठरले तरी आजच्या कोणत्याही पक्षाचा जाहीरनामा त्यावरून सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे पत्र तूर्त अनिर्णित या सदरात ठेवणे हेच योग्य होय.

५

अनिर्णित प्रश्न अनिर्णितच राहतात असे नाही. महाराजांच्या जन्मतिथीच्या वादावरून हे स्पष्ट होईल. शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेची, म्हणजे १६२७ ची, तिथी एकोणिसाव्या शतकात रूढ होती. सातारा दरबारचे मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने तिला प्रतिष्ठा दिली होती. महाराजांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनी लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत जन्मतिथी नाही. अशा स्थितीत कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा दिला आहे. पुढे जोधपूर येथील जुन्या कुंडलीसंग्रहात सापडलेल्या कुंडलीवरून तोच काळ निघाला, आणि शिवभारतातही तीच तिथी आढळली. कारी, जोधपूर व तंजावर अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणांहून आलेले हे आधार होत.

या वादातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, शिवजयंतीच्या सार्वजनिक उत्सवास ज्यांनी चालना दिली, त्याच टिळकांनी रूढ तिथीस धक्का देणारा कागद दाबून न ठेवता विद्वानांपुढे मांडला. आपल्या पक्षास अडचणीचा होणारा पुरावा स्वतः प्रसिद्ध करणे, ही संशोधकाच्या प्रामाणिकपणाची सर्वांत अवघड कसोटी आहे.

दुसरी गोष्ट अशी की, सतराव्या शतकातील लेखकांपैकी कोणाचेही हित १६२७ अथवा १६३० या वर्षांत गुंतलेले नव्हते. शकावली लिहिणाऱ्या जेध्यांस अथवा कुंडली उतरून घेणाऱ्या ज्योतिष्यास तीन वर्षांच्या फरकाने काही मिळावयाचे नव्हते. म्हणून या बाबतीत त्यांची साक्ष विशेष विश्वसनीय आहे. हितसंबंध उत्पन्न झाला तो विसाव्या शतकात. येथे साक्षीदारापेक्षा परीक्षकाचीच परीक्षा अधिक कसून घेतली पाहिजे.

तिसरी गोष्ट अशी की, पुरावा पुढे आल्यापासून समाजाने तो मान्य करीपर्यंत फार काळ जातो. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये या प्रश्नासाठी विद्वानांची समिती नेमली, पण मतैक्य झाले नाही. १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक शासनाने अधिकृत मानला तो २००१ मध्ये. त्यानंतरही उत्सव दिनांकाप्रमाणे करावा की तिथीप्रमाणे, हा वाद चालूच आहे. परंतु हा वाद कोणत्या पंचांगाने जावे याचा आहे. वर्षाविषयीचा मूळ प्रश्न पुराव्याने बव्हंशी मिटला. एकदा मिटलेला प्रश्न आणि नवा प्रश्न यांची सरमिसळ होऊ न देणे, हेही इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे.

६

दुफळीत सत्य कसे शोधावे याची एक रीत शिरवळसारख्या परगण्यांतून रूढ होती, असे आरंभी म्हटले. ही रीत म्हणजे गोतसभेपुढे होणारा वतनाचा निवाडा आणि त्याचा महजर. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंधात अशा महजरांचा साक्षेपाने अभ्यास केला आहे. पाटीलकी अथवा देशमुखी यांवरून भाऊबंदांत वाद उत्पन्न झाला म्हणजे सारा गाव दोन तटांत विभागला जाई. कित्येकदा हे वाद पिढ्यान् पिढ्या चालत व त्यांत खूनही पडत. अशा वादात कोणाचा शब्द खरा मानावा, हा प्रश्न आजच्याहून सोपा नव्हता.

सभेच्या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. महजराच्या आरंभी हाजीर मजालशीची नावे असत. त्यांत काजी, ठाण्याचे अंमलदार, देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे मोकदम आणि बलुतेदार असत. निरनिराळ्या धर्मांची व धंद्यांची ही माणसे एकाच कागदावर येत. नंतर अग्रवादी व पश्चिमवादी यांच्याकडून राजीनामे व जामीन घेतले जात. म्हणजे सभा जो निवाडा करील तो मान्य करण्याचे बंधन दोघेही पुरावा पुढे येण्यापूर्वीच पतकरीत. त्यानंतर दोघांच्या तकरीरा लिहून घेत, कागदपत्र पाहत, गोही म्हणजे साक्षीदार शपथेवर विचारीत. सीमेच्या तंट्यात गावच्या महाराच्या साक्षीस मोठे महत्त्व असे, कारण शिवेची माहिती त्याच्याइतकी इतरांस नसे. स्थानिक सभा एका पक्षास वश आहे असे वाटल्यास वादीस दुसरे थळ मागता येई, आणि मग वाद परक्या परगण्यात जाई. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई.

या रीतीचा गौरव मर्यादेतच केला पाहिजे. मानवी पुरावा संपला म्हणजे सभा दिव्याकडे वळे. उकळत्या तेलातुपातून रवा काढलेला हात पिशवीत घालून मोहोरबंद करीत आणि काही दिवसांनी उघडून निर्णय देत. आज आपणांस हा मार्ग उपलब्ध नाही व तो नसावा हेच बरे. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जात असल्याने सरकारास वादातच लाभ होता. सभेत बसणाऱ्यांचेही आपापले हितसंबंध असत आणि सर्वांचा दर्जा सारखा नव्हता.

तरी या रीतीतील दोन गोष्टी इतिहाससंशोधनास आजही उपयोगी आहेत. एक, कसोटी आधी ठरवावी व पुरावा मागाहून पाहावा. राजीनाम्याचे हेच मर्म होते. निकाल कोणाच्या बाजूचा येणार हे ठाऊक होण्यापूर्वी पद्धत मान्य केली की, निकाल नावडता आला म्हणून पद्धत बदलता येत नाही. दुसरी, आपले थळ आपणांस वश असते हे ओळखावे. मराठी कागदांवर वाढलेल्या अभ्यासकाने आपला निष्कर्ष फार्सी फर्माने व इंग्रज, डच, पोर्तुगीज दप्तरांपुढे नेऊन पाहावा; परकी साधने प्रमाण मानणाऱ्याने तो मोडी कागदांपुढे न्यावा. यदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या शिवचरित्रापासून बंगालच्या व पुण्याच्या विद्वानांत जो दीर्घ वाद चालला, त्याने कटुता आली हे खरे. पण दोहोंकडील साधने एकमेकांसमोर आल्याने शिवकालाचे ज्ञान वाढले, हेही नाकारता येत नाही.

७

वर पाहिलेल्या उदाहरणांवरून विश्वासाच्या तीन पायऱ्या सांगता येतील. कान्होजी जेध्यांस फर्मान गेले ही गोष्ट आणि महाराजांचे जन्मवर्ष ही निश्चित या सदरात पडतात. कारण पहिलीत विरुद्ध पक्षांचे कागद जुळतात, दुसरीत एकमेकांपासून दूरचे व निरपेक्ष आधार जुळतात. १६४८ मधील शिरवळच्या झुंजीचा तपशील संभाव्य होय. १६४५ चे पत्र अनिर्णित होय. संभाव्य गोष्टीस निश्चित म्हणणे हा दोष आहे. आणि अमुक एक पत्र संशयित आहे म्हणून काहीच निश्चित नाही, सर्व इतिहास म्हणजे ज्याच्या त्याच्या पक्षाची कहाणी, असे म्हणणे हाही तेवढाच मोठा दोष आहे. दुसरा दोष अलीकडे विद्वत्तेच्या वेषात वावरतो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विवेचनातून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. एखाद्या परगण्याचे, घराण्याचे अथवा वादग्रस्त पत्राचे काम हाती घेताना, साधने उघडण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: आपणांस कोणता निष्कर्ष निघावा असे वाटते, आणि कोणता पुरावा सापडल्यास आपण तो सोडून देऊ. मार्गदर्शकाने ते पान प्रबंधाच्या अखेरीस पुन्हा मागावे. शिरवळ प्रांताचे वतनी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातील दप्तरांतून व घराण्यांच्या संग्रहांतून शोधावयास अजून पुष्कळ अवकाश आहे. मोडी व फार्सी या दोन्ही लिपी वाचणारा एखादा विद्यार्थी या कामास लागला, तर १६४५ च्या पत्राचा प्रश्नही आज आहे तेथून पुढे सरकेल. तो कोणत्या बाजूस सरकावा, याचा निर्णय मात्र त्याने शोधास निघण्यापूर्वी करू नये.